मुलीचे मार्क का घसरले, ते तुमच्याच पत्रात आहे

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. मुलीला दहावीला ९४.६० टक्के, बारावी विज्ञानला ६७.३३, इंजिनीअरिंग प्रवेशाच्या राज्य परीक्षेला, म्हणजे एमएचटी-सीईटीला, ९१ पर्सेंटाइल. प्रश्न तीन आहेत. ड्रॉप घ्यावा का, म्हणजे वर्षभर थांबून प्रवेश परीक्षा परत द्यावी का? घेतला तर पुढच्या वर्षी पुण्याचं सीओईपी (इंजिनीअरिंग), आयसर (विज्ञान शिकवणारी केंद्राची संस्था) किंवा परराज्यातलं एखादं नामांकित खासगी विद्यापीठ मिळेल का? आणि त्या विद्यापीठाच्या अर्जात ‘गुण कमी होण्याचं कारण’ लिहायला जागा असते, तिथे मुलगीच आजारी होती असं ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं तर चालेल का? मुलीने अर्जासाठी लिहिलेल्या निबंधाचा फोटोही सोबत पाठवलाय, ‘जरा सुधारून द्या’ म्हणून.

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सवयीने मार्क बघितले. दुसऱ्यांदा वाचताना पेन हातात घेतलं आणि ‘टक्के’ हा शब्द कितीदा आलाय ते मोजलं. सतरा वेळा. तुमच्या पत्नीचं आजारपण एका ओळीत आटोपलंय: ‘मध्यंतरी घरात आजारपण असल्याने थोडं दुर्लक्ष झालं.’ कोणाचं आजारपण, कसलं, हे मला तिसऱ्या पानावर कळलं, तेही खर्चाच्या हिशेबात. गेल्या श्रावणात, कानबाई देवी बसली त्याच आठवड्यात, त्यांना पहिलं डायलिसिस करावं लागलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा जळगाव. सोमवारी आणि गुरुवारी मुलगी सोबत जाते, शनिवारी तुम्ही.

मग चौथ्या पानावर हे वाक्य आहे. तुमचंच आहे, मी फक्त परत लिहिते: ‘ड्रॉप घेतला तर ती घरीच राहील, आईचंही बघेल आणि अभ्यासही होईल. मोठा मुलगा एमपीएससी करतो, त्याला डिस्टर्ब करता येत नाही.’

भाऊ, इथे मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करून आले.

जरा हिशेब करू. ऑगस्ट ते फेब्रुवारी, आठवड्याचे दोन दिवस. साठच्या आसपास दिवस होतात. एका डायलिसिसला साधारण चार तास लागतात. सकाळची एसटी पकडायची, नंबर लागेपर्यंत बसायचं, मग ते चार तास, मग थकलेल्या आईला घेऊन परत. म्हणजे दिवस गेलाच. त्याआधी पहाटे भाकरी, आल्यावर संध्याकाळचा स्वयंपाक, आणि आईचा स्वयंपाक वेगळा. बारावीच्या वर्षातले साठ दिवस तुमच्या मुलीने असे काढले आणि तरी ६०० पैकी ४०४ मार्क आणले. तुम्ही लिहिता, ‘तिने आमची मान खाली घातली.’ मला विचाराल तर त्या घरात त्या वर्षी मान ताठ ठेवण्यासारखं काम एकट्या तिनेच केलं.

तुमच्यावर मी चिडले नाही असं म्हणणार नाही. पण तुमचं दुखणंही मला दिसतं. बायको मशीनला जोडलेली, कर्ज, त्यात केळीचा भाव. माणूस अशा वेळी ज्याचा आकडा हातात येतो त्याच्यावरच राग काढतो, आणि निकालाचा आकडा तेवढा छापील मिळतो. मी यावल तालुक्यातली आहे, आमच्याही घरी बाग होती. मे-जूनच्या वादळात केळी आडवी झाली तर तुम्ही कधी म्हणालात का, की या खोडांनी आमची मान खाली घातली? तेव्हा तुम्ही वाऱ्याचं नाव घेता. मग इथे वाऱ्याचं नाव का टाळता?

मला वाटतं त्याचं कारण आहे. खरं कारण लिहायचं तर पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग घरातले बाकीचे कुठे होते? मोठा मुलगा घरी आहे. त्याच्या परीक्षेची तारीख पुढे-मागे होते, पुढच्या वर्षी परत देता येते. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत ठरल्या दिवशी झाली. दोघांपैकी ‘डिस्टर्ब’ कोणाला करायचं हे त्या घरात कोणी बसून ठरवलंही नसेल, ते ठरलेलंच होतं. ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट तुम्हाला बरं वाटतं ते म्हणून. मुलगीच आजारी होती म्हटलं की बाकी कोणाला काही विचारायला नको.

तर सर्टिफिकेटचं उत्तर: नाही. खोटा कागद जोडून मिळालेला प्रवेश कधीही रद्द होऊ शकतो, तिसऱ्या वर्षालासुद्धा, आणि तेव्हा त्यावर सही करणारे डॉक्टर फोन उचलणार नाहीत. शिवाय हे उलटंच झालं ना? लोक खोटं कारण शोधतात कारण खरं सांगण्यासारखं नसतं. तुमच्याकडे खरं कारण आहे, त्याचे तारखांसह कागद आहेत, हॉस्पिटलच्या पावत्यांची फाइल आहे. ती कपाटात ठेवून तुम्ही खोटी बनवायला निघालात.

आता एक गैरसमज. तुमच्या पत्रात तो पानोपानी आहे आणि खानदेशातल्या निम्म्या पालकांच्या डोक्यात असतो: बारावीचं वर्ष पडलं म्हणजे चांगल्या कॉलेजांची दारं बंद. तसं नसतं. बहुतेक ठिकाणी बारावीचे टक्के उंबरठा ओलांडण्यापुरते लागतात. आत नंबर लावते ती प्रवेश परीक्षा. उंबरठ्याची उंची तेवढी जागोजागी वेगळी. राज्यातल्या इंजिनीअरिंगला खुल्या गटाला संबंधित विषयांत ४५ टक्के पुरतात, राखीव गटाला ४०. सीओईपीसुद्धा त्यातच आलं. तिथे अडतं ते पर्सेंटाइलवर, आणि कॉम्प्युटरला ९९च्या वरची मंडळी रांगेत असतात. (पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९१ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले साधारण ९१ जण तिच्या मागे. तुम्ही ‘सीईटीला ९१ टक्के’ लिहिलंय, ते तेवढं दुरुस्त करा.) पुण्याच्या आयसरसह देशात सात आयसर आहेत. त्यांच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टला बसायला बारावीला ६० टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५५. मुलीकडे ६७ आहेत. म्हणजे ज्या संस्थेचं नाव काढून तुम्ही तिला रोज टोमणे मारता, तिच्या उंबरठ्याच्या आत ती आजही उभी आहे. खरंच अडतं ते एनआयटी आणि आयआयटीला. तिथे जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या जोडीला बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं, एससी-एसटीला ६५. त्यासाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, पण तीत सगळे विषय घेऊन परत बसावं लागतं. मुलीला एनआयटीला जायचंच नसेल तर त्या फंदात पडू नका. आणि तिला जायचंय असं पत्रात कुठेही नाही. खरं तर तिला काय हवंय हेच पत्रात कुठेही नाही.

ते मला निबंधात सापडलं. त्याकडे येते. आधी ड्रॉप.

ड्रॉप वाईट नसतो. पण तुम्ही म्हणता तो ड्रॉपच नाही. सोमवार, गुरुवार जळगाव, पहाटे भाकरी, दादाला डिस्टर्ब नाही: हेच वर्ष परत काढायचं असेल तर पुढच्या मे महिन्यात आकडाही असाच येईल, आणि तेव्हा तुम्ही म्हणाल, एक वर्ष जास्त देऊनही काही केलं नाही. आजारपण संपलेलं नाही, भाऊ. तुम्ही ‘मध्यंतरी’ लिहिलंय, पण डायलिसिस या सोमवारीही आहे. तेव्हा कॉलेज निवडण्याआधी घरातली वाटणी बदलायला लागेल. सोमवार मुलाचा. डायलिसिसचे चार तास बाहेर बाकावर बसून राज्यघटनेचं पुस्तक उत्तम वाचून होतं, आणि ज्याला उद्या साहेब व्हायचंय त्याने सरकारी-खासगी दवाखान्यांच्या रांगा आतून बघितलेल्या बऱ्या. गुरुवारही त्याचा किंवा तुमचा. स्वयंपाकाला एक बाई लावा. खर्च होईल, पण राजस्थानातल्या कोटा शहराच्या क्लासची जी फी तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिलीय तिच्यापुढे तो काहीच नाही. आणि एक विचारून घ्या: जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना डायलिसिसची मोफत सोय करणारी केंद्राची योजना २०१६ पासून आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. तुम्ही खासगीत पैसे भरताय असं हिशेबावरून दिसतं. करिअरच्या पत्राला हे काय उत्तर, असं वाटेल. पण या घरात मुलीचं करिअर अडलंय ते इथेच.

एवढं करणार नसाल तर ड्रॉप घेऊ नका, तिला यंदाच कुठेतरी प्रवेश घेऊन द्या. घराबाहेर, वसतिगृहात. मग तिचा सोमवार तिचा राहील.

यंदाच्या वाटा मी थोडक्यात सांगते, कारण त्या तुम्हालाही ठाऊक असतील. ९१ पर्सेंटाइलवर कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश फेऱ्यांत, रसायनाशी नातं असलेल्या शाखा बघा. जळगावातच आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे, तिथे केमिकल इंजिनीअरिंगबरोबर पेंट, प्लास्टिक, तेल, अन्न असे विषयही असतात. राज्यात कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आणि बाकीची प्रमाणपत्रं आत्ताच काढून ठेवा, तहसीलला जूनमध्ये गर्दी होते. किंवा साधी बीएस्सी केमिस्ट्री. नाक मुरडू नका. तीन वर्षांनी जॅम नावाची परीक्षा देऊन जेईईतून गेलेल्या पोरांच्या शेजारी आयआयटीत एमएस्सीला बसता येतं, आणि तिथे बारावीचा कागद पुढे करून कोणी नंबर लावत नाही. आयसरची परीक्षा बीएस्सी करता करता पुढच्या वर्षी देता येईल, फक्त माहितीपत्रकात बारावी कोणत्या वर्षी उत्तीर्ण हवी ती अट आधी बघा. त्या परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, तेव्हा ‘बायो सोडलं’ म्हणणाऱ्यांना ते जड जातं. आणि अकरावीचे मार्क कोणी विचारत नसलं तरी अकरावीचा अभ्यासक्रम सगळे विचारतात, सीईटीतसुद्धा २० टक्के प्रश्न तिथलेच.

खासगी विद्यापीठांबद्दल: सोनीपतचं अशोका, बंगळूरचं अझीम प्रेमजी अशा ठिकाणी घरच्या परिस्थितीनुसार फीमध्ये सवलत मिळते. ती मिळाली तरच जा. कर्ज काढून जाण्यासारखी आपली परिस्थिती नाही, हे तुमचा हिशेब वाचून सांगते. पण अर्ज जरूर करा. कारण अशा अर्जांत मार्कांच्या पलीकडे माणूस बघायचा थोडा तरी प्रयत्न असतो, आणि तुमच्या मुलीकडे दाखवण्यासारखं आहे.

कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्हाला चांगलं येतं. तलाठी वादळानंतर पंचनामा कसा करतो? तारीख, गट नंबर, किती खोडं आडवी, किती टक्के नुकसान, सही. ‘आभाळ फाटलं आणि आमच्या स्वप्नांचा चुराडा झाला’ असं पंचनाम्यात कोणी लिहीत नाही, लिहिलं तर भरपाई मिळत नाही. इथेही तसंच. आईला अमुक महिन्यापासून डायलिसिस, आठवड्याचे दोन दिवस सोबत जाणं माझ्याकडे, घरचा स्वयंपाक माझ्याकडे, वर्षभरात साधारण साठ दिवस कॉलेज बुडालं, आता ही जबाबदारी घरात अशी वाटून घेतली आहे. चार-पाच ओळी. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. वाचणाऱ्याला कळायला हवं की पुढचं वर्ष तसंच जाणार नाही. ती ओळ खरी असावी म्हणून वरची वाटणी आधी करायची, अर्ज नंतर भरायचा.

आणि निबंध. फोटोत दोन हस्ताक्षरं आहेत. निळ्या शाईचं मुलीचं, लाल शाईचं बहुधा ज्याच्याकडे फॉर्म भरायला गेलात त्या सायबरवाल्याचं. लाल शाईने वर घातलंय: ‘लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड होती. कलाम सरांनी म्हटल्याप्रमाणे...’ वगैरे. असले निबंध मी ढिगाने बघते. एका वर्षी एकाच दुकानातून भरलेल्या तीन अर्जांत तीन मुलांच्या तीन आज्या एकाच वाक्यात वारल्या होत्या, विरामचिन्हांसह.

लाल शाईने एक परिच्छेद पूर्ण खोडलाय आणि शेजारी लिहिलंय, ‘हे नको, घरगुती वाटतं.’ मी फोटो मोठा करून तो वाचला. तुम्ही वाचलाय का, भाऊ? मुलगी लिहिते की आमच्या घराच्या चारही बाजूंनी केळी आहे आणि माझ्या आईला केळं खायला बंदी आहे. किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नाही, ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून ती बटाटे चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि ते पाणी फेकून देते. मग तिने लिहिलंय की बाबा बागेसाठी ज्या पोटॅशच्या गोण्या आणतात, त्यातलंच हे पोटॅशियम. झाडाला जेवढं घालू तेवढं हवं असतं आणि आईला थोडंही जास्त झालेलं चालत नाही. डायलिसिसच्या मशीनमध्ये पडद्याच्या एका बाजूला रक्त असतं आणि दुसऱ्या बाजूला कसलं पाणी, हे तिने तिथल्या टेक्निशियनला विचारलं, आणि घरी येऊन बारावीचं ‘द्रावणे’ प्रकरण काढून वाचलं. ‘तेव्हा ते पहिल्यांदा समजलं’, असं आहे शेवटचं वाक्य.

याला सुधारायला मला सांगता? लाल शाईचं सगळं काढा आणि खोडलेलं परत घाला. माझी सुधारणा एवढीच.

पुढचं तिच्यासाठी आहे, तिला वाचायला द्या. जवळ उभं राहू नका.

बेटा, तो परिच्छेद लिहिताना तू दोन गोष्टी सोडल्यास. एक, उकळलेलं पाणी फेकल्यावर बटाट्यात पोटॅशियम किती उरतं? अंदाजाने नको, शोध. बारीक चिरले तर जास्त जातं की कमी, आणि का? दोन, आईला दिवसाला पाणी मोजून देतेस ना, ते किती, आणि ते कोणी ठरवलं? मला उत्तर बरोबर हवं असं नाही. तू कसं शोधलंस ते लिही. आणि एक खासगी प्रश्न: तुला केमिस्ट्री आवडते, की आईमुळे ती आवडायला लागलीय? दोन्ही चालेल. पण मेडिकल की शुद्ध विज्ञान हे त्यावर ठरेल, म्हणून नीट विचार करून सांग. ‘बाबा म्हणतात म्हणून कॉम्प्युटर’ असं उत्तर मला पाठवू नकोस. ६७ टक्क्यांबद्दल माफी मागणारी जी ओळ तू निबंधाच्या तळाशी लिहिली आहेस ती काढून टाक. ती तू कोणाला लिहिलीस ते मला कळलं, पण अर्ज त्यांच्याकडे जाणार नाहीये.

भाऊ, परत तुमच्याकडे. कॅपची नोंदणी सुरू झाली की मुदत थोडीच असते, तेव्हा दाखले या आठवड्यात. पुढचं पत्र मुलीला लिहू द्या. आणि सोमवारपासून स्वयंपाकाची बाई मिळेपर्यंत भाकरी मुलाकडे द्याल तर पहिला आठवडा त्या जाड होतील, कडा फाटतील, एखादी करपेल. न बोलता खा.